सगळ्यांचा एकच नंबर

"एकशे बारा," काउंटरवरून रेश्मा म्हणाली.

"काय एकशे बारा?"

"पॉइंट, काकू. तुमच्या नंबरवर एकशे बारा पॉइंट आहेत."

मला हसूच आलं. माझ्या मागं आमच्या भिशीतल्या आठ जणी उभ्या होत्या, घडीच्या साड्या नेसून. वृंदा पाटणकरनं पेढ्यांचा पुडा आणला होता. बाहेर रस्त्यावर टेम्पो थांबवून ठेवला होता. आणि समोर खांबाला टेकून ती घरघंटी उभी होती, पांढरीशुभ्र, दारावर सूर्यफूल काढलेली, वर पाटी लावलेली: पंचवीस हजार पॉइंटांत मोफत. आणि ही पोर म्हणते एकशे बारा!

"रेश्मा, नीट बघ बाई. सव्वीस हजारांच्या वर आहेत. दिवाळीच्या आधी तूच सांगितलंस मला."

"तेव्हा होते काकू. आता नाहीत."

"नाहीत म्हणजे? पॉइंट काय कापरासारखे उडून जातात?"

"वापरलेत की."

"कुणी?"

रेश्मानं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण घराचा पत्ता विसरलेल्या म्हाताऱ्याकडं बघतो. "तुम्हीच की, काकू. नंबर तुमचा आहे."

मागं पेढ्याच्या पुड्याचा कागद कुरकुरला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. कोल्हापुरात आमच्या श्रीकृपा अपार्टमेंटच्या समोर लक्ष्मीछाया बाजार निघून दोन-अडीच वर्षं झाली होती. तिथं सामान घेतलं की पॉइंट मिळायचे, ते साठवले की भेटवस्तू मिळायची. एक पिवळं कार्ड दिलं होतं, पण ते माझ्या तांदळाच्या डब्यात पडून असायचं, कारण लागायचंच नाही. मोबाईल नंबर सांगितला की काम झालं. आता एकेकीनं वेगवेगळे पॉइंट साठवले तर वर्षाकाठी स्टीलची एक वाटी मिळणार. म्हणून मी शक्कल काढली: नऊ जणींनी एकच नंबर लावायचा, माझा. शक्कल माझी, हे मी चारचौघांत दहा वेळा सांगत असे. हौस मोठी होती मला मिरवायची.

आणि हे सगळं होतं शालनसाठी.

शालन माने आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत राहायची. नवरा बाळासाहेब गवंडीकाम करायचा. दिवाळीच्या तोंडावर परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. आधीपासूनच घर तिच्या हातावर चालायचं, चपात्या, भाजणी, थालीपिठाचं पीठ, मेतकूट. हाताला चव अशी की लोक वाकडी वाट करून यायचे. पण दळण गल्लीतल्या गिरणीत. तो गिरणीवाला मिरचीवर भाजणी टाकायचा. शालनच्या मेतकुटानं एकदा पाटणकरांच्या नातवाला ठसका लागला आणि तिची चार गिऱ्हाइकं तुटली. तेव्हाच मी म्हटलं, या बाईला स्वतःची घरघंटी पाहिजे.

दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही एकमेकींना वाण द्यायचो. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, कंगवे. हिच्या घरची गाळणी पुढच्या वर्षी तिच्या घरी. मी म्हटलं, यंदा नऊ जणींनी मिळून एकच वाण द्यायचं, एकीलाच. शालनला ताकास तूर लागू द्यायची नाही, कारण बाई मानी. आधी कळलं असतं तर दार उघडलं नसतं तिनं.

तर मंगळवारी आम्ही घरघंटी आणायला गेलो होतो, शुक्रवारी माझ्या घरी हळदीकुंकू होतं, आणि पॉइंट एकशे बारा.

मॅनेजर आले. चौगुले नावाचे, गळ्यात पट्टा, तोंडात बडीशेप.

"मॅडम, पॉइंट वापरताना चार आकडी गुप्त नंबर लागतो. तो टाकल्याशिवाय होत नाही."

"तेच तर म्हणते मी! तो माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"कुठं लिहून ठेवला होता का?"

"छे! माझ्या संग्रामचं जन्मसाल आहे ते, लिहायला कशाला लागतंय? एकोणीसशे शहाऐंशी!"

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. मी बोलले आणि मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते.

रेश्मा हळूच म्हणाली, "काकू, तो आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. न विचारताच तुम्ही दरवेळी मोबाईल नंबराबरोबर तोही लांबूनच ओरडून सांगता."

"मला पण पाठ आहे," मागून वृंदा म्हणाली.

"मला पण," आणखी एक जण.

रांगेतला एक हेल्मेटवाला माणूस, ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही, तोही मान हलवत होता.

"पण मेसेज जातो ना," चौगुले म्हणाले. "पॉइंट वापरले की लगेच मोबाईलवर मेसेज. तुम्हाला पाच मेसेज गेलेत. बघू फोन."

मी फोन दिला. बटणांचा होता तेव्हा. त्यांनी दोनचार बटणं दाबली आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, मेसेजची जागा भरलीय. नवा मेसेज आत यायला जागाच नाही. हे वर पाकीट लुकलुकतंय, दिसत नाही का?"

"ते दीड वर्षं लुकलुकतंय. मला वाटलं, तसंच असतं."

"जुने काढून टाकायचे ना."

मी फोन काढून घेतला. आत सगळे संग्रामचे मेसेज होते. पहिल्यांदा मस्कतला गेला तेव्हाचे. पोचलो. जेवलो. खोली बरी आहे. आई, काळजी करू नकोस. पुढं तो फोनच करायला लागला, पण ते मेसेज मी कसे पुसणार? सांगा तुम्ही. कुठल्या आईनं पुसले असते?

चौगुल्यांनी हात झटकले. "हे बघा, नंबर तुमचा, पिन तुमचा, म्हणजे खरेदी तुमची. फार तर मी बिलांच्या नकला मागवतो पुण्याहून. शुक्रवारी या."

टेम्पोवाल्याला फुकट परत पाठवलं. येताना नऊ जणी रस्त्यानं चालत होतो, पण मी एकटीच चालल्यासारखी होते. कार्ड तांदळाच्या डब्यात. फोन माझ्या कमरेला. घरात कोण शिरलं नाही, काही हललं नाही, आणि दोन वर्षांचं साठवलेलं गेलं. चोर आला तर कडी तुटते, पावलं उमटतात, काहीतरी राहतं मागं. इथं काहीच नाही. मला चोरी कळत होती, पण ही कुठली चोरी तेच कळत नव्हतं.

जिन्यात वृंदानं मला थांबवलं. वृंदा पाटणकर म्हणजे आमच्या भिशीची वही सांभाळणारी. बँकेतून रिटायर, बोलणं मोजूनमापून. माझी बत्तीस वर्षांची मैत्रीण.

"इंदू, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"डिसेंबरात संग्राम आला होता. घरात पाहुणे, ये-जा. घाईगडबडीत तुझ्याकडूनच वापरले गेले नसतील ना? आठवून बघ जरा."

माझ्या अंगाची लाही झाली. इंदुमती साळोखेवर आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि दाखवणार कोण, तर वृंदा?

"अगं, पिन तुला पाठ," मी म्हटलं, "भिशीची वही तुझ्याकडं. शनिवारचा बाजार तू एकटीनं जाऊन करतेस. आणि विचारतेस मला? चोराच्या उलट्या बोंबा!"

वर-खाली चार दारं उघडली असतील. वृंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"एकतीस वर्षं कॅशला बसले मी, इंदू," एवढंच म्हणाली. पेढ्यांचा पुडा माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि वर गेली.

घरात आमचे हे पेपर वाचत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी, कारण न ऐकायला कान बंद करावे लागले असते. पेपरच्या आडून म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. तूच वापरले असशील. मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून देवळात गेलीसच की."

आणि खरं सांगते, मला शंका यायला लागली. बुधवारी दुपारी मी माझंच फडताळ उपसलं. कधी न आणलेलं काही सापडतंय का बघत होते. तूरडाळीचा एक पुडा जास्तीचा दिसला तो उजेडात नेऊन उलटापालटा करून बघितला. हा मी कधी आणला? पैसे दिले की पॉइंट दिले? काही म्हणता काही आठवेना. गुरुवारी मी स्वतःलाच विचारत होते की इंदे, तू चोर आहेस का.

त्या तीन दिवसांत माझ्याशी नीट बोलली ती फक्त शालन. ती भिशीत नव्हती, तिला कुठला परवडायला हप्ता. पण माझ्याबरोबर बाजारात यायची, पिशव्या धरायची, आणि स्वतःचं पाच-दहा किलो गहू-तांदूळ असेल ते माझ्याच नंबरावर लावायची. "माझ्याकडं कुठला फोन वैनी, तुमचाच लावा," म्हणायची. बुधवारी संध्याकाळी भाजणीचा पुडा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"वैनी, बिल्डिंगीत काय झालंय? पाटणकर वैनी रडत होत्या गॅलरीत."

"काही नाही गं. बाजारातले पॉइंट गेले माझे. कुणीतरी उचलले."

"उचलले?" ती म्हणाली. "ते उचलता येतात व्हय?"

"तेच मलाही समजेना."

ती पुडा ओट्यावर ठेवून गेली. पैसे घ्यायला विसरली. माझंही लक्ष नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी एकटी गेले. चौगुल्यांनी पाकिटातून पाच बिलांच्या नकला काढून दिल्या. रेश्माला विचारलं, कोण आलं होतं गं? ती म्हणाली, "काकू, श्रीकृपाच्या सगळ्याच बायका तो नंबर सांगतात. रविवारी रांग दारापर्यंत असते, तोंड कुठं बघतोय आम्ही?" तिचंही खरं होतं.

दुकानाबाहेर रसवंती होती. मी रस सांगितला, बाकड्यावर बसले आणि चष्मा लावला. मनात म्हणत होते, देवा, काजू-बदाम निघू देत. साबणाच्या महागड्या वड्या निघू देत. वृंदाच निघू दे, म्हणजे माझी जीभ तरी खरी ठरेल. असं आपलं मन. मी काही थोर बाई नाही.

पहिलं बिल दिवाळीनंतरच्या आठवड्यातलं. तांदूळ वीस किलो, तूरडाळ, गोडं तेल, चहापूड. हे कुणाच्याही घरचं असू शकतं. खालची ओळ वाचली: मोठ्या माणसांचे डायपर, दोन पुडे.

दुसरं बिल. डेटॉल, कापूस, अंगाला लावायची पावडर, डायपर चार पुडे. तिसरं. रबरी चादर, डायपर. चौथं, तेच.

आमच्या बिल्डिंगमध्ये अंथरुणाला खिळलेला माणूस एकच होता.

पाचवं बिल संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं. डायपर, आणि तीळ दोन किलो, चिक्कीचा गूळ दोन किलो, वेलदोडे. मी ग्लास खाली ठेवला. संक्रांतीला शालननं अख्ख्या बिल्डिंगला तिळाचे लाडू वाटले होते, घरटी दहा. एवढं कसं जमवलं हिनं, असं सगळ्या म्हणाल्या होत्या. मी एका बैठकीला चार खाल्ले होते.

राग आला मला. उगाच गोड गोड सांगत नाही, तिडीक मस्तकात गेली माझ्या. बत्तीस वर्षांची मैत्रीण तोडली मी हिच्यापायी, तीन दिवस वेड्यासारखी स्वतःची फडताळं उपसली, आणि ही दारात उभी राहून विचारते, उचलता येतात व्हय? रसाचे पैसे टाकले आणि तडक तिच्या खोलीवर गेले. बिलं मुठीत होती.

दार उघडंच होतं. शालन बाळासाहेबाला कुशीवर वळवत होती. एवढा धिप्पाड गडी, आणि ही काडीएवढी बाई. एक गुडघा खाटेला टेकवून, दात आवळून त्याला ओढत होती. त्यानं मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. लाज वाटली त्याला. तिनं त्याच्यावर पांघरूण घातलं, मला घेऊन बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि माझ्या मुठीकडं बघितलं.

"कळलं न्हवं तुमास्नी," ती म्हणाली.

मी मूठ उघडून बिलं तिच्यापुढं धरली.

"खोटं न्हाई बोलत वैनी. पयल्यांदा मी काय ठरवून गेले न्हवते. ह्यास्नी दवाखान्यातनं आणलं, त्या आठवड्यात सामान घेतलं, तुमचा नंबर सांगितला नेहमीसारखा. ती पोरगी म्हणाली, पॉइंट वापरायचे का? मला काय कळतंय, मी व्हय म्हटलं. तिनं पिन विचारला. तुमच्या मागं पिशवी धरून उभी ऱ्हाऊन माझ्या कानात बसलेला त्यो, तोंडातनं गेला. आणि पैसं मागितलंच न्हाईत तिनं. घरी आले, कडी लावून बसले."

"मग येऊन सांगायचं नाहीस?"

"सांगणार हुते. पण डायपर संपले." ती माझ्या डोळ्यांत बघत बोलत होती. "दुसऱ्या खेपेला मी जाणूनबुजून गेले. म्हटलं, दुकानवाला फुकट देतोय, वैनींच्या खिशातलं काय जातंय. मस्कतला पोरगा हाय त्यांचा. आन् माझंबी गहू-तांदूळ हायेच की त्या नंबरावर. असं मनाला समजावलं. पण त्यातला एक लाडू माझ्या तोंडात गेला न्हाई."

आतून बाळासाहेब खाकरला. शालननं पदरानं नाक पुसलं.

"कशासाठी साठवत हुता वैनी तुम्ही?"

अगदी ओठांवर आलं होतं. तुझ्यासाठीच गं बये. आज संध्याकाळी नऊ जणी तुला ओवाळून ती घरघंटी देणार होतो, आणि तू ती पसा-पसा करून आधीच नेलीस. एवढं एक वाक्य. पण ते ऐकल्यावर ही बाई पुन्हा कधी सुखानं घास गिळेल का? तिनं मला लुटलं असतं तर मी माफ केलं असतं, ती विसरलीही असती. पण स्वतःचंच ताट स्वतःच्या हातानं पालथं केलं, हे कोण विसरतं?

"डिनर सेट," मी म्हणाले.

"आँ?"

"डिनर सेट घेणार होतो. भिशीच्या बायकांना हौस. फुलांचा होता."

तिच्या चेहऱ्यावर जरा हलकं वाटल्याचं दिसलं मला. तेवढ्यासाठी मी आणखी दहा खोटी बोलले असते.

"मी आज हळदीकुंकवात सगळ्यास्नी सांगते," ती म्हणाली. "पाया पडते एकेकीच्या. फेडीन म्हणते."

माझी पाचावर धारण बसली. ही उभी राहून 'मी घेतले' म्हणणार, आणि दुसऱ्याच क्षणी आठातली कुणीतरी म्हणणार, अगं, ते तुझ्यासाठीच होते! कुणाच्याही तोंडून निघालं असतं ते. वाईट हेतूनं नाही, प्रेमानंच निघालं असतं.

"तू तोंड उघडायचं नाहीस," मी तिचा हात धरला. "माझ्या संग्रामची शपथ आहे तुला. कुणी काही विचारलं तरी नाही. आणि सातच्या आधी वर यायचं नाहीस."

"पण वैनी..."

"शपथ घातलीय मी."

सहाला आठही जणी आल्या. नाइलाजानं आल्या होत्या, सवाष्णीचं बोलावणं मोडायचं नाही म्हणून. वृंदा दाराजवळच्या खुर्चीवर टेकली, निघायला सोपं पडावं अशी. कुणी तिळगूळ उचलेना. मी दार लावून घेतलं.

"बिलं आली," मी म्हटलं. "पॉइंट मीच वापरलेत."

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. मग एक जण म्हणाली, "विसरून वापरले होय? मग सांगायचं ना, इंदूताई."

तेवढ्यावर भागलं असतं. विसरले म्हणून सुटले असते मी. पण वृंदा होती ना. कॅशला बसलेली बाई.

"पाच वेळा?" ती म्हणाली. "मेसेज पाच होते. पाच वेळा विसरलीस?"

"नाही. माहीत होतं मला."

"कशाला लागले?"

"घरात लागत होतं," असं काहीतरी पुटपुटले.

"मुलगा मस्कतला असून?"

आमचे हे आतल्या खोलीत होते. त्यांची खुर्ची करकरली, मग पुन्हा शांत झाली.

"आणि मला चोर म्हणालीस ते? सगळ्या बिल्डिंगसमोर?"

"चुकले, वृंदा. पाया पडते तुझ्या." मी खरंच वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"शालनला काय सांगायचं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तिला यातलं काही माहीत नाही. तेवढी माझी लाज राखा. आयुष्यात कधी तिला कळू देऊ नका."

वृंदा उठली. "कळू कशाला देतोय? तुझं वाण या बाईनं खाल्लं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं त्या गरीब बाईला?"

मला रडू येत होतं, पण आतून कुठंतरी मी म्हणत होते, शाब्बास गं वृंदा. असंच धरून ठेव.

सातला शालन आली. केसात गजरा, हिरवी साडी, डोळे सुजलेले. सगळ्यांनी तिला हळदीकुंकू लावलं, जरा जास्तच मायेनं. वृंदा वर जाऊन घाईघाईनं एक प्लॅस्टिकची गाळणी घेऊन आली आणि तिच्या ओटीत घातली. मी करंडा घेऊन पुढं झाले तर एकीनंही माझ्याकडून कुंकू लावून घेतलं नाही. "झालं आमचं," म्हणाल्या आणि एकेक करत उतरल्या. शालन गाळणी हातात धरून कधी त्यांच्याकडं बघत होती, कधी माझ्याकडं. तिला कळलं मी काय केलं ते. पण का केलं, ते तिला कळलं नाही.

शेवटी ती एकटी राहिली. माझ्यासमोर आली आणि कपाळ पुढं केलं.

भिशीतून मला काढलं. वृंदा पुढं चार वर्षं त्याच जिन्यानं वर-खाली करत होती, पण मी दिसले की चपलेचा पट्टा लावायला वाकायची. नंतर मुलीकडं नाशिकला गेली. तिथंच वारली, असं कळलं. तिला तरी सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. रात्री अंथरुणावर पडले की कधी वाटतं हो, कधी वाटतं नाही.

शालनचं बरं झालं. बाळासाहेब गेला, पण तोपर्यंत तिनं कर्ज काढून स्वतःची घरघंटी घेतली होती, मग दुसरी. आता राजारामपुरीत तिचा गाळा आहे, भाजणी मुंबईपर्यंत जाते. हातात चांगला फोन आहे, आणि पिन टाकताना दुसरा हात आडवा धरते. मी बघितलंय.

गेल्या महिन्यात रिक्षातून उतरली. रिक्षावाल्यानं भलंमोठं खोकं वर आणून दिलं. आमचे हे गेल्यापासून मी एकटीच असते. तिनं खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं, सुरीनं पट्टी कापली आणि वरचा कागद बाजूला केला. आत पांढऱ्या काचेच्या ताटल्या, वाट्या, मोठे वाडगे. काठाला निळी फुलं.

"तुम्ही फुलांचा म्हणाला हुता," ती म्हणाली. "चार दुकानं हिंडले."

"अगं, हे कशाला आता? माझ्या एकटीला?"

"फेडीन म्हटलं हुतं मी." ती खुर्चीवर बसली. केस पिकले होते तिचेही. एक ताटली उचलून पदरानं पुसत राहिली. "वैनी, एक विचारू? बारा वर्षं डोक्यात हाय. त्या बायका एवढ्या जिवाभावाच्या तुमच्या. पाटणकर वैनी तर मरेपर्यंत बोलल्या न्हाईत. एका डिनर सेटापायी?"

मी तिच्या हातातली ताटली घेतली आणि खोक्यात बाकीच्यांवर ठेवली.

"मोठा होता गं तो," मी म्हणाले.